श्वासातून रोगनिदान : लेसरला काय दिसतं आणि गाडी कुठे अडते

प्रकाशवाट

"एक फुंकर मारा, कॅन्सर ओळखा" असल्या मथळ्यांचे व्हिडिओ सध्या बऱ्याच जणांच्या फोनवर येऊन पडताहेत. त्यामागचं लेसरचं विज्ञान अस्सल आहे, आणि इतकं देखणं आहे की त्यावर सवडीने बोलायला हवं. पण विज्ञानापासून मथळ्यापर्यंत जी उडी मारली जाते, ती मला अस्वस्थ करते. मी श्वासावर नाही, पण लेसरने वायू मोजणाऱ्या उपकरणांवर काम करतो. भौतिकशास्त्राची बाजू मी मांडतो, वैद्यकीय बाजू इथल्या डॉक्टर मंडळींनी सांभाळावी ही विनंती.

आपण बाहेर सोडतो त्या हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजन, 16 टक्के ऑक्सिजन, 4 ते 5 टक्के कार्बन डायऑक्साइड आणि भरपूर वाफ असते. उरलेल्या चिमूटभर भागात शेकडो पदार्थ असतात: मिथेन, ॲसिटोन, अमोनिया, मिथेनॉल, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रिक ऑक्साइड आणि असे कितीतरी. त्यांचं प्रमाण दशलक्षात एक म्हणजे पीपीएमपासून अब्जात एक म्हणजे पीपीबीपर्यंत, काहींचं त्याहूनही खाली. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी 1971 मध्ये श्वास गोठवून गॅस क्रोमॅटोग्राफीतून (मिश्रणातले पदार्थ एकेक वेगळे करण्याची पद्धत) पाहिला, तेव्हा सुमारे 250 पदार्थांच्या खुणा सापडल्या. वैद्य मंडळी मात्र हे काम नाकाने फार आधीपासून करत आली आहेत. मधुमेहात कीटोन वाढलेल्या रुग्णाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येतो, मूत्रपिंडं निकामी झाली की अमोनियाचा, यकृत खचलं की कुबट गोडसर. लेसर तेच करतो, फक्त आकड्यात.

आता प्रकाशाकडे येतो. रेणूतले अणू एकमेकांना बांधलेले असतात आणि सतत कंप पावत असतात. त्या कंपनाशी जुळणारा इन्फ्रारेड प्रकाश तो रेणू गिळतो, बाकीचा सोडून देतो. कार्बन डायऑक्साइड 4.3 मायक्रोमीटरला, कार्बन मोनॉक्साइड 4.6 ला, नायट्रिक ऑक्साइड 5.3 च्या आसपास, मिथेन 3.3 ला. लेसरच्या प्रकाशात जवळजवळ एकच तरंगलांबी असते, त्यामुळे नेमक्या त्या रेषेवर तो बसवता येतो. किती प्रकाश गिळला गेला यावरून किती रेणू होते ते कळतं.

तत्त्व एवढं सोपं, पण अब्जात एक रेणू असेल तर अर्धा मीटर नळीतून जाताना प्रकाश जवळजवळ जसाच्या तसा बाहेर पडतो. काही फरकच दिसत नाही. प्रकाशाला वायूतून लांबचा प्रवास घडवावा लागतो, आणि ते आरशांनी होतं.

कॅव्हिटी (समोरासमोरच्या दोन आरशांमधली जागा) रिंग-डाउन नावाची पद्धत 1988 मध्ये ओ'कीफ आणि डीकन यांनी दाखवली. प्रयोगशाळेत ती अशी दिसते: अर्धा मीटर लांबीची नळी, दोन्ही टोकांना दिसायला साधे, अंतर्गोल आरसे. पण ते पडलेल्या प्रकाशापैकी 99.99 टक्के परत फेकतात. आत प्रकाश भरायचा आणि लेसर झटकन बंद करायचा. मागच्या आरशातून जो नाममात्र प्रकाश गळतो, तो डिटेक्टरवर घ्यायचा. ऑसिलोस्कोपवर एक उतरती वक्ररेषा उमटते. रिकाम्या नळीत प्रकाश मूळच्या 37 टक्क्यांवर यायला सुमारे 17 मायक्रोसेकंद लागतात. एवढ्या वेळात अर्ध्या मीटरच्या नळीत मागेपुढे करत तो 5 किलोमीटर चाललेला असतो! घंटेवर टोल दिल्यावर नाद विरत जातो, तसाच हा प्रकाश विरतो. आत त्याला गिळणारा वायू असला की लवकर विरतो.

या मोजणीची सगळ्यात मोठी खुबी अशी की टोल जोरात बसला की हळू, याला महत्त्व नाही. लेसरची तीव्रता थोडी वरखाली झाली तरी विरण्याचा वेग तोच राहतो. ज्याने साध्या शोषणमापनात लेसरच्या चढउतारांशी झुंज घेतली आहे, त्याला ही वक्ररेषा पहिल्यांदा पाहिल्यावर काय वाटतं ते मी सांगू शकत नाही.

पुढचा मोठा टप्पा म्हणजे फ्रिक्वेन्सी कोम्ब. एकच तरंगलांबी न देता, समान अंतरावरच्या हजारो तरंगलांब्या एकदम देणारा लेसर. त्यासाठी जॉन हॉल आणि थिओडोर हेन्श यांना 2005 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. हॉल यांच्याच जिला या संस्थेत, कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये, जुन ये यांच्या गटाने 2008 मध्ये कोम्ब आणि आरशांची कॅव्हिटी जोडून माणसाच्या श्वासातले रेणू मोजून दाखवले. याच गटाने पुढे 170 जणांचे श्वास पिशव्यांत घेऊन, कोम्बच्या 14,836 तरंगलांब्यांवरचं शोषण मशीन लर्निंगला दिलं आणि कोविड ओळखता येतो का ते तपासलं. निकाल 2023 मध्ये आला. पीसीआरशी ताडून पाहता एयूसी (चाचणी बाधित आणि निरोगी यांना किती वेगळं ओळखते याचं माप, 1 म्हणजे अचूक, 0.5 म्हणजे नुसता छापाकाटा) 0.85 च्या आसपास. 2025 च्या फेब्रुवारीत नेचरमध्ये त्यांनी नवी रीत मांडली. तिच्यात कॅव्हिटीची लांबी सतत बदलत ठेवतात, त्यामुळे भरपूर असलेले वायू आणि लेशमात्र असलेले वायू एकाच नमुन्यात मोजता येतात. श्वासासाठी हे फार मोलाचं आहे, कारण त्यातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बाकी सगळ्यांना झाकून टाकतात.

माझं मत थोडक्यात: जिथे रेणू एकच आहे आणि तो शरीरात कसा तयार होतो हे पक्कं ठाऊक आहे, तिथे श्वासचाचणी आजही छान चालते. जिथे शेकडो रेणूंचा नमुना पाहून रोग ओळखायचा आहे, तिथे अजून बरीच वाट चालायची आहे. आणि ती वाट लेसरमुळे अडलेली नाही. ती अडते आपल्या जेवणामुळे, तोंडातल्या जंतूंमुळे आणि ज्या खोलीत बसून फुंकतो त्या खोलीच्या हवेमुळे.

डॉ. निशिगंध

उत्तम धागा. मी भूलतज्ज्ञ आहे. प्रकाशाने श्वास तपासणं ही आमच्यासाठी रोजची बाब आहे, हे लोकांना माहीत नसतं म्हणून लिहिते.

ऑपरेशन थिएटरमध्ये कॅप्नोग्राफ असतो. रुग्णाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड तो इन्फ्रारेडने मोजतो (लेसर नाही, साधा इन्फ्रारेड स्रोत) आणि पडद्यावर प्रत्येक श्वासाची आकृती काढतो. श्वास सोडायला सुरुवात झाली की रेषा सपाट, कारण आधी घशातली आणि श्वासनलिकेतली हवा बाहेर येते. मग ती झपकन चढते, वर पठार येतं, आणि श्वास आत घेताच कोसळते. पठाराच्या शेवटचा आकडा साधारण 35 ते 45 मिलिमीटर पारा. नळी घातल्यावर ती श्वासनलिकेत आहे की चुकून अन्ननलिकेत गेली, याचा सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे ही आकृती. रुग्ण नुकताच सोडा पिऊन आला असेल तर पोटातला वायू पहिल्या काही श्वासांत फसवतो, म्हणून पाच-सहा श्वास आकृती टिकते का ते पाहायचं. सीपीआर (बंद पडलेलं हृदय चालवायला छाती दाबणं) चालू असताना हाच आकडा एकदम वर उसळला, तर हृदय पुन्हा चालू झाल्याची ती पहिली खूण असते. नाडी हाताला लागायच्या आधी.

ही आकृती तुमच्या विषयाला लागू पडते. श्वासाचा पहिला भाग, सुमारे 150 मिली, फुप्फुसाच्या आतून आलेलाच नसतो. रक्ताशी देवाणघेवाण केलेली हवा शेवटी येते. पिशवीत कोणता भाग भरला यावर सगळं अवलंबून आहे.

रानवाट

माझ्या वडिलांना ॲसिडिटीचा जुना त्रास आहे. डॉक्टरांनी "युरिया ब्रेथ टेस्ट" लिहून दिली आहे. ती यातलीच का? एंडोस्कोपीला ते तयार नाहीत. आणि युरिया म्हटल्यावर घरात सगळे घाबरलेत, शेतीचं घर आहे, युरियाची पोती डोळ्यांसमोर येतात.

डॉ. निशिगंध

रानवाट, घाबरू नका. तो युरिया औषधी शुद्धतेचा असतो आणि मात्रा मिलिग्रॅममध्ये. युरिया आपल्या रक्तात मुळातच असतो.

जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असेल तर त्याच्याकडे युरिएज हे विकर असतं. ते युरिया फोडून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड करतं. आपल्या पेशींकडे हे विकर नाही. म्हणून युरियातल्या कार्बनला खूण करून ठेवायची आणि तो खुणेचा कार्बन श्वासात परत येतो का ते पाहायचं. खूण म्हणजे कार्बन-13, नेहमीच्या कार्बन-12 पेक्षा किंचित जड, पण किरणोत्सारी नाही. कार्बन-14 वापरणारी चाचणीही असते, ती सौम्य किरणोत्सारी असते. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना कार्बन-13 चीच निवडतात.

प्रत्यक्षात असं होतं: उपाशीपोटी जायचं. आधी एका पिशवीत फुंकायचं. मग युरियाचं पाणी प्यायचं, अर्धा तास बसायचं, पुन्हा दुसऱ्या पिशवीत फुंकायचं. दोन्ही पिशव्यांतला फरक हाच निकाल.

महत्त्वाचं: वडील पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल यांसारखी ॲसिडिटीची गोळी घेत असतील तर ती चाचणीच्या दोन आठवडे आधी आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधी बंद असावं लागतं. नाहीतर जंतू असूनही चाचणी "नाही" म्हणते. गोळी परस्पर बंद करू नका, ज्यांनी चाचणी लिहून दिली त्यांना विचारा. आणि काळी शौच, रक्ताची उलटी, वजन घटणं, गिळायला त्रास यांपैकी काही असेल तर ब्रेथ टेस्टवर थांबू नका. एंडोस्कोपी करावीच लागेल.

प्रकाशवाट

डॉक्टर, धन्यवाद. यात प्रकाशाची गंमत सांगतो. कार्बन जड असला की रेणूचं कंपन किंचित मंदावतं, आणि शोषणाची रेषा थोडी सरकते. लेसरला किंवा चांगल्या इन्फ्रारेड यंत्राला दोन्ही वेगळे दिसतात. रसायन एकच, तरी ओळखू येतात.

निसर्गातल्या कार्बनमध्ये सुमारे 1.1 टक्के कार्बन-13 असतोच. म्हणून मोजायचं ते गुणोत्तरातला हजारात काही भाग एवढा बदल. इथे आपल्या ताटाचा थेट संबंध येतो. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस या वनस्पती प्रकाशसंश्लेषण वेगळ्या मार्गाने करतात आणि भात-गव्हापेक्षा थोडा जास्त कार्बन-13 साठवतात. फरक हजारात 14 च्या आसपास. चाचणीत "जंतू आहे" म्हणायची सीमा साधारण हजारात 4 च्या आगेमागे असते. म्हणजे सोलापूरकडची ज्वारीची भाकरी खाणारा आणि कोकणातला भात खाणारा, यांच्या श्वासातला मुळातला फरक या सीमेहून मोठा असू शकतो. पहिली पिशवी त्यासाठीच. माणसाची तुलना त्याच्याच अर्ध्या तासापूर्वीच्या श्वासाशी होते, दुसऱ्या कुणाशी नाही. मधल्या वेळात साखरेचा चहा प्यायलात तर उसाचा कार्बन येऊन गोंधळ घालू शकतो.

2005 मध्ये कोम्बला नोबेल मिळालं, त्याच वर्षी वैद्यकाचं नोबेल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना हेलिकोबॅक्टरसाठी मिळालं. दोन्ही वाटा श्वासात येऊन मिळतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि हे परदेशातच चालतं असं नाही. कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय मूलविज्ञान केंद्रात माणिक प्रधान यांच्या गटाने कॅव्हिटी रिंग-डाउन वापरूनच हेलिकोबॅक्टरवर काम केलंय. पायरो-ब्रेथ नावाचं यंत्र त्यांनी तयार केलं. श्वासातल्या वाफेतलं जड पाणी, म्हणजे हायड्रोजन किंवा ऑक्सिजनचा जड भाऊ असलेले पाण्याचे रेणू, त्यांवरून जंतू ओळखता येतो का हेही त्यांनी तपासलं. आपल्याकडे निम्म्याहून जास्त प्रौढांच्या पोटात हा जंतू असतो असं मानलं जातं, तेव्हा हा विषय आपल्या शास्त्रज्ञांनी उचलला याचा आनंद आहे.

मधुरा_व

माझी लेक टाइप 1 मधुमेही आहे. दिवसातून किती वेळा बोट टोचतो ते आठवलं तरी पोटात गोळा येतो. श्वासातल्या ॲसिटोनवरून साखर मोजता येईल असं वाचलं होतं. हे कधी होईल?

डॉ. निशिगंध

मधुराताई, तुमचा प्रश्न कळतो. पण स्पष्ट सांगायला हवं. ॲसिटोन साखरेचं मोजमाप नाही. शरीर चरबी जाळायला लागलं की कीटोन तयार होतात, त्यातलं एक ॲसिटोन. त्याचं रक्तातल्या कीटोनशी बरं जुळतं, ग्लुकोजशी नीट जुळत नाही. साखर 250 असून ॲसिटोन साधारण असू शकतं. इन्सुलिनचा डोस त्यावर ठरवणं धोक्याचं ठरेल.

तुमच्या लेकीसाठी ते उपयोगी पडू शकेल ते कीटोॲसिडोसिसच्या (कीटोन धोकादायक वाढून रक्त आम्लधर्मी होणं) आगाऊ इशाऱ्यासाठी. पण त्यासाठीही आज रक्तातल्या कीटोनची पट्टी जास्त भरवशाची आहे, ती घरात असू द्या. बोट टोचणं कमी करायचं असेल तर दंडावर लावायच्या सतत ग्लुकोज मोजणाऱ्या सेन्सरबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला.

प्रकाशवाट

यात प्रकाशाचीही अडचण आहे. मिथेन, नायट्रिक ऑक्साइड असे छोटे रेणू सुईसारख्या बारीक रेषांनी शोषतात. ॲसिटोन मोठा रेणू. त्याचं शोषण रुंद, पसरट. लेसर एका रेषेवर बसवून काम होत नाही, आणि त्या पट्ट्यात वाफ आणि इतर पदार्थ गर्दी करतात. कोम्बसारख्या रुंद पट्टा पाहणाऱ्या यंत्रांची खरी गरज अशा रेणूंसाठी आहे.

ॲसिटोन उपवासानेही वाढतं. निर्जळी एकादशी केलेल्या निरोगी माणसाच्या श्वासातही ते चढलेलं दिसेल. साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेल्या उपवासात तसं व्हायचं कारण नाही, साबुदाणा म्हणजे पिष्टच. नुसतं "उपाशीपोटी या" म्हणून भागत नाही. आदल्या दिवशी काय खाल्लं तेही विचारावं लागतं.

शुभदा_पाटणकर

दम्याचं कुणी बोललं नाही. माझ्या मुलाची फेनो (श्वासातलं नायट्रिक ऑक्साइड मोजायची) चाचणी होते. एका यंत्रात सारख्या जोराने फुंकायचं, पडद्यावर एक ढग रेषेत ठेवायचा असतो, त्याला खेळ वाटतो. हे लेसरच का?

डॉ. निशिगंध

दवाखान्यात असतात ती यंत्रं बहुतेक इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरवर चालतात. लेसरने नायट्रिक ऑक्साइड मोजता येतं आणि फार छान येतं, पण छोट्या यंत्राने काम भागतं तिथे तेच वापरतात.

तो ढग रेषेत ठेवायला लावतात त्याचं कारण असं की जोरात फुंकलं तर आकडा कमी येतो आणि हळू फुंकलं तर जास्त. नायट्रिक ऑक्साइड श्वासनलिकेच्या भिंतीतून येतं. हवा सावकाश गेली की जास्त गोळा होतं. म्हणून सेकंदाला 50 मिली हा वेग जगभर ठरवून घेतला आहे. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या 2011 च्या मार्गदर्शनानुसार मुलांमध्ये 20 पीपीबीच्या खाली कमी आणि 35 च्या वर जास्त, मोठ्यांमध्ये 25 आणि 50. पालक, बीट असं खाऊन गेलं तर आकडा वाढतो. धूम्रपान करणाऱ्यांत तो कमी दिसतो. इन्हेलरमधल्या स्टेरॉइडने खाली येतो, म्हणून मूल औषध नियमित घेतंय का हेही यावरून समजतं.

एक रेणू, एक कारण, फुंकायची एकच ठरलेली रीत. प्रकाशवाट यांनी जे वर म्हटलं त्याचं हे चांगलं उदाहरण आहे. इथपर्यंत यायलाही वर्षानुवर्षं गेली.

आकडेमोड

0.85 एयूसी म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगतो, कारण बातमीत त्याचं "85 टक्के अचूक" होतं आणि ते बरोबर नाही. एक बाधित आणि एक निरोगी माणूस सहज उचलला, तर यंत्र बाधिताला जास्त गुण देण्याची शक्यता 85 टक्के, इतकाच त्याचा अर्थ. 170 लोकांच्या पहिल्या अभ्यासात हे मिळणं ही उत्तम सुरुवात आहे. पण यावरून एका माणसाला "तुला आहे" किंवा "तुला नाही" सांगण्यापर्यंत बरंच अंतर आहे.

दुसरं, सरसकट तपासणीचं गणित. समजा एक चाचणी 90 टक्के रुग्णांना पकडते आणि 90 टक्के निरोग्यांना निरोगी म्हणते. ऐकायला झकास. आता 10,000 लोक तपासले आणि त्यांत खरे रुग्ण 50 आहेत असं धरा. 45 रुग्ण सापडतील. पण 9,950 निरोग्यांपैकी 995 जणांनाही चाचणी "रोग आहे" म्हणेल. चाचणीने बोट दाखवलेल्या 1,040 लोकांत खरे रुग्ण 45, म्हणजे शंभरात चार. बाकीच्यांनी सीटी स्कॅन करायचे, रात्री जागून काढायच्या. विरळ रोगासाठी चाचणी 90 नाही, 99 च्या पुढे लागते.

तिसरं, 14,836 आकडे आणि 170 माणसं. माणसांपेक्षा आकडे कितीतरी जास्त असले की मशीन लर्निंगला काही ना काही नमुना हमखास सापडतो. तो रोगाचा आहे की त्या गटाच्या सवयींचा, हे दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या लोकांवर तपासल्याशिवाय ठरत नाही. त्या संशोधकांना हे पुरेपूर माहीत असतं. बातमी लिहिताना तेवढंच गळतं.

प्रकाशवाट

आकडेमोड, हे फार गरजेचं होतं. एकच जोड देतो. अमेरिकेच्या एफडीएने एप्रिल 2022 मध्ये कोविडसाठी एका श्वासचाचणीला आणीबाणीची परवानगी दिली होती, ती लेसरवर नव्हती. गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूंचे तुकडे वजनावरून ओळखणं) यांवर होती. श्वासाच्या बाबतीत लेसरची स्पर्धा या जुन्या, कसलेल्या पद्धतीशी आहे. ती शेकडो रेणू ओळखते. लेसरचा फायदा वेगात आहे. नमुना तयार करावा लागत नाही, आणि श्वास चालू असतानाच आकडा दिसू शकतो.

पायवाटेवरचा

मला राग आलाय म्हणून लिहितोय. आमच्या भागात एका आरोग्य शिबिरात "श्वासातून फुप्फुसाचा कॅन्सर तपासा" म्हणून पैसे घेतले. सासरे तंबाखू खातात, पूर्वी विडी ओढायचे. त्यांनी फुंकलं, कागदावर "सामान्य" आलं. त्यानंतर ते खोकल्यासाठी डॉक्टरकडे जायला तयारच नाहीत. "यंत्राने सांगितलंय" म्हणतात. काय करू?

डॉ. निशिगंध

तुमचा राग योग्य आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी रोजच्या वापराला मान्यता मिळालेली श्वासचाचणी आज नाही. "सामान्य" लिहिलेल्या त्या कागदाला काही किंमत देऊ नका.

सासऱ्यांना असं सांगून पाहा, की त्या यंत्राने खोकल्याचं कारण सांगितलेलंच नाही, आणि खोकला तर चालूच आहे. दोन आठवड्यांवर खोकला गेला तर आपल्याकडे आधी थुंकीची टीबीसाठी तपासणी आणि छातीचा एक्स-रे. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी मोफत होते. त्यापुढे सीटी लागेल की नाही ते छातीचे डॉक्टर ठरवतील. तोंडही तपासून घ्या. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारा व्रण, तोंड कमी उघडणं हे डोळ्यांनी दिसतं, त्याला कुठलंही यंत्र लागत नाही.

प्रकाशवाट

पायवाटेवरचा, माझ्या बाजूनेही हेच. अशा ठिकाणी कुणी यंत्र दाखवलं तर विचारा: कोणता रेणू मोजता? फुंकायच्या आधी खोलीतली हवा मोजली का? शिबिराच्या मांडवात सॅनिटायझरचा अल्कोहोल, उदबत्ती, शेजारच्या रस्त्यावरचा धूर, सगळं फुप्फुसात जाऊन परत येतं. अमोनियाचं तर आणखी वेगळं. तोंडाने फुंकलं तर त्यातला मोठा भाग तोंडातल्या जंतूंनी बनवलेला असतो. मूत्रपिंडांबद्दल काही बोलायचं तर आधी तोंड आणि नाक वेगळं करून मोजावं लागतं. या प्रश्नांची उत्तरं नसतील तर उठून चालू लागा.

भौतिकी_विद्यार्थिनी

नागपूरला एमएस्सी करतेय. दोन शंका. दूध न पचणाऱ्यांसाठी हायड्रोजन ब्रेथ टेस्ट असते, ती लेसरने का करत नाहीत? आणि हे सगळं इतकं महाग असेल तर तालुक्याच्या दवाखान्यात कधी पोचणार?

प्रकाशवाट

पहिली शंका फार चांगली. हायड्रोजनच्या रेणूत दोन्ही अणू सारखेच, त्यामुळे कंप पावताना विद्युत असमतोल बदलत नाही. इन्फ्रारेड प्रकाशाला त्याला धरायला जागाच सापडत नाही. नायट्रोजनचंही तेच, आणि ते आपल्या पथ्यावर पडतं. हवेत 78 टक्के असूनही नायट्रोजन इन्फ्रारेडच्या वाटेत येत नाही. हायड्रोजनसाठी साधा सेन्सर पुरतो. प्रकाशानेच पाहायचं तर रामन परिणाम आहे. विखुरलेल्या प्रकाशात हायड्रोजन आणि नायट्रोजन दोन्ही दिसतात. सिग्नल फार क्षीण असतो, म्हणून पोकळ फायबरमध्ये वायू भरून तो वाढवायचे प्रयत्न जर्मनीत येनामध्ये झाले आहेत. तुला सिद्धांत आवडत असेल तर इथे हात घालण्यासारखं खूप आहे.

कॅव्हिटीचे आरसे, कंपनं आवरणं, लेसरला कॅव्हिटीशी जुळवून धरणं ही विद्या कुठे शिकायची, तर आपल्या हिंगोली जिल्ह्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहतेय. तिथे हेच सगळं 4 किलोमीटरच्या भुजांमध्ये करायचं आहे. त्या कामावर तयार झालेले हात श्वासाच्या यंत्रांनाही उपयोगी पडतील.

दुसरी शंका. कोम्बची यंत्रणा आज ऑप्टिकल टेबल व्यापते, ती तालुक्याला लवकर जाणार नाही. पण एका रेणूसाठीचा लेसर लहान झालाय. बेल लॅब्जमध्ये 1994 ला क्वांटम कॅस्केड लेसर आला, तेव्हापासून इन्फ्रारेडचा नेमका प्रकाश नखाएवढ्या चिपमधून मिळतो. आरसेही नकोत असा एक मार्ग आहे. ग्रॅहम बेल यांना 1880 मध्ये दिसलं होतं की लुकलुकता प्रकाश पदार्थावर पाडला की आवाज येतो. वायू प्रकाश गिळतो, तापतो, फुगतो, पुन्हा आकसतो, आणि तो आवाज होतो. 2002 मध्ये राइस विद्यापीठात फ्रँक टिटल यांच्या गटाने तो आवाज पकडायला मनगटी घड्याळातला क्वार्ट्झचा चिमटा (दोन पायांचा चिमुकला नादकाटा) वापरला, सेकंदाला 32,768 वेळा थरथरणारा. घड्याळांसाठी तो लाखोंनी बनतो, त्यामुळे किंमत क्षुल्लक, आणि वायू अगदी थोडा पुरतो. श्वासातला अमोनिया अशा चिमट्याने मोजून झालाय. तालुक्याला काही पोचेल तर मला वाटतं या वाटेने पोचेल.

या चिमट्यावर वेगळा धागा काढतो. माझ्याकडे एक साधी जुळणी आहे, तिची रेखाकृती त्यात देईन.

रानवाट

डॉक्टर, बाबांच्या डॉक्टरांशी बोललो. गोळी दोन आठवडे थांबवायला सांगितली आहे आणि त्या काळात जळजळ फार झाली तर साधं अँटासिड चालेल म्हणाले. पहिल्या पिशवीचं ज्वारीचं कारण बाबांना वाचून दाखवलं, त्यांना ते इतकं पटलं की आता चाचणीला स्वतःच तयार झालेत. तारीख घेतली आहे. निकाल आला की इथे कळवतो.